पाळण्याच्या कडीला

कलावती : …अन् मी येडी, गोंदियाले फोन करून सांगून बसली का साक्षीनं झोळी बांधली म्हणून! तुही नणंद रमा तर आनंदानं रडलीच फोनवर.

साक्षी : आई, मला आधी विचारायचं तरी!

कलावती : काय विचारायचं? पाळण्याच्या कडीले लुगडं बांधलेलं दिसलं. सून कडीले लुगडं बाळाशिवाय कायच्यासाठी बांधते? वरून माहं ठेवणीतलं नऊवारी!

साक्षी : तेच मजबूत होतं. माझं वजन धरलं त्यानं.

कलावती : तुहं वजन? तू बसते त्यात?

साक्षी : लटकते. एरियल योगा म्हणतात. देवेंद्रनगरला क्लास आहे, तिथं चार दिवस गेले, मग घरीच करायला लागले.

कलावती : कवा गेली?

साक्षी : गोल बाजारात जाते म्हणून सांगायची, तेव्हा.

कलावती : तरीच! चार दिवस बाजारात गेली अन् कोथिंबिरीची जुडी आणली नाही. नऊ वर्षांची पोट्टी घरात, अन् माय वटवाघळासारखी उलटी!

साक्षी : उलटी नाही हो. पाय झोळीत अडकवायचे, हात जमिनीवर, अंग फळीसारखं ताठ. पाठीत, दंडात ताकद येते.

कलावती : कायले पायजे ताकद? कुस्ती खेळाची हाय?

साक्षी : यशूला उचलायला.

(आतल्या खोलीत व्हीलचेअरचं चाक भिंतीला घासतं.)

कलावती : हळू बोल. माहा प्रशिक उचलते न तिले.

साक्षी : ते बारा-बारा तास सिलतऱ्याच्या प्लांटमध्ये. बाथरूमच्या दारातून खुर्ची जात नाही. दिवसातून सहादा मीच उचलते. मंगळवारी हातातून सुटली.

कलावती : सुटली? ते कपाळाचं टेंगूळ… खुर्चीतून झुकली म्हणे न?

साक्षी : मी म्हटलं. तुम्ही विचारलं तर तिनंही तेच सांगितलं. मी शिकवलं नव्हतं.

कलावती : काय वो माय… मंग, आली का ताकद?

साक्षी : दोन महिने झाले. आधी दहा सेकंद टिकायचे, आता चाळीस. तेवढ्यात ती दोन किलो वाढली.

कलावती : वाढतं लेकरू हाय. वाढनच.

साक्षी : डॉक्टर पण हेच म्हणाले. ती चालणार नाही, पण वाढ चांगली आहे. चांगली, म्हणे! आज अठ्ठावीस आहे, मग पस्तीस, मग पन्नास. मी किती लटकू, आई?

कलावती : मी धरत जाईन पायाकून.

साक्षी : तुम्हाला सिलिंडर सरकवता येत नाही.

कलावती : …रमाले फोन करून सांगतो, तसं काही नाही म्हणून.

साक्षी : सांगा. दुसरं होणारही नाही म्हणावं. हिलाच पुरत नाही मी… आई, एक सांगू? यांना बोलू नका.

कलावती : बोल.

साक्षी : मी यशूला भात कमी वाढून राहिले. पंधरा दिवसांपासून.

कलावती : कमी म्हंजे?

साक्षी : दुसऱ्यांदा मागितला की संपला म्हणते.

कलावती : गंजात तर भात उरलेला असते. मी रोज सकाळी चिमण्यांले टाकतो.

साक्षी : हव.

कलावती : अन् पोट्टी? मागते का मंग?

साक्षी : आता नाही मागत. मी वाढायच्या आधीच ती म्हणते, आई, मला भूक नाही.