टाकाऊ म्हनून एक काडी दाखवा

टाकाऊ? आमच्या गावात? तुमाला सांगतो, आख्ख्या नेवासा तालुक्यात टाकाऊ म्हनून एक काडी दाखवा, मी तुमचे पाय धरतो... पन माझा मेव्हना गिदोन, राहुरीला मास्तर हाय, तो पाटीत सहा ससे घालून आला अन् म्हनला, "दाजी, सशाला खर्च कसला? शेतातला टाकाऊ माल खातो." सहाच हुते तवा. आता मोजायचं सोडून दिलंय.

त्यात हे बहात्तर साल, पाऊस पळालेला, वैरन कुठं दिसंना, अन् आमची मरिया... म्हैस म्हंजे तिची सख्खी भैन. तिनं बजावलं, "अवो, म्हशीच्या दावनीतली एक काडी सशाम्होरं दिसली, की रविवारी रस्सा." सशांचा. मला आधी वाटलं माझाच. बरं, मला ससे काय लई आवडत नव्हते, पन ते पांढरं बेनं मांडीवर येऊन नाक हलवतं, त्याचा रस्सा घशाखाली जायचा कसा वो?

म्हनून निघालो पोतं घेऊन, टाकाऊ माल गोळा कराया. राधाकृष्णाच्या खळ्यावर हरभऱ्याचं भूस पडलेलं, दोन मुठी घेतल्या, तर हा आडवा, "एलियाभाऊ, शेळ्यांचं हाय ते." बरं. रंगुबाईच्या दारात गव्हाचं भुसकट, "ठिव खाली, भिंती लिपायच्यात मला." बरं. उसाचं वाढं? बैलांचं. तुरीच्या काड्या? चुलीच्या. पाचट? छपराचं. अन् गिदोन म्हनतो टाकाऊ...

शेवटी बाजारात कोबीची वरची पानं घावली, भाजीवाली मनकर्णा फेकून द्यायची. दोन-तीन बाजार मजेत गेले. पुढच्या बाजारी म्हनती, "एवढी नेतोस म्हंजी काहीतरी गुन असंल ह्यांच्यात," अन् पानांचा येगळा ढीग लावून बसली इकायला.

मोकळं पोतं घेऊन शनिवारी घरी आलो, ससे उपाशी, म्हटलं आता दावनीतली काडी घ्यावीच लागनार, उद्या रविवार, संपलं. बघतो तर वांगीवाला छगन सशांच्या खुराड्याखालच्या लेंड्या पाटीत भरतोय. "वांग्याला झ्याक खत हाय हे, एलियाभाऊ. तशा टाकाऊच न्हवं?" मी व्हय म्हननार, तवर मरिया भाइर. "टाकाऊ कशाच्या? पाटीभर लेंड्या, भाराभर भुईमुगाचा पाला. जमत असंल तर बोल." छगननं शेतातनं भारा आनून टाकला अन् पाटी घेऊन गेला.

डोळ्यांत पानी आलं माझ्या, खरंच सांगतो. ससे वाचले. भारा उचलला, खुराड्याकडं वळलो, तर माघून आवाज, "तिकडं कुठं? म्हशीला टाका."

"अन् ससे?"

"ऱ्हाऊ द्या की त्यास्नी. लेंड्या लागतील. तुमी त्यांच्यासाठी टाकाऊ काहीतरी बघा."

तवापासून ससे मजेत, म्हैस मजेत, छगनची वांगी मजेत. अन् मी? मगासधरनं तुमच्या दारात हे पोतं घेऊन का उभा हाय, वाटतं तुमाला?