पठ्ठ्याची तालीम आणि माझ्या भाकऱ्या

...आणि वर मलाच विचारतात, "वहिनी, एवढं चावतंय तर सोडून का देत नाही?" अहो, सोडून द्या म्हणजे काय? झिजलेली केरसुणी आहे का ती, उकिरड्यावर टाकून हात झटकायला? सगळ्या पेठेला सांगितलंय, आता तुम्हालाही सांगते... कुत्रं कुठं जाणार नाही! चावलंय ते माझ्या टाचेला चावलंय, पेठेच्या नाही!

तसं आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी कुत्रं पाळलेलं नाही, आम्हाला ठाऊक काय, तर मांजर आलं की दूध झाकायचं, संपलं. पण आमची नंदिनी लग्न होऊन हातकणंगल्याला गेली आणि घर असं गप्प झालं म्हणता, पातेल्यावर झाकण ठेवलं तरी आम्ही दोघं दचकायचो! आमचे हे कोर्टात कारकून. तिथं गारगोटीकडचा एक शेतकरी, आकाराम, तारखेला यायचा. त्यानं ह्यांचं उतरलेलं तोंड बघितलं असेल की काय कोण जाणे, पुढच्या तारखेला बुट्टीत पिल्लू घालूनच आला. कोर्टात हो! "घ्या सायेब, लई गरीब जात हाय, अगदी गाईवानी हाय बगा!" गाईवानी! अहो, गाईला वरचे पुढचे दात तरी नसतात!

आता ह्यांचं सांगते. अंगानं असे, की लांबून बघितलं तर माणूस उभा आहे की धोतर वाळत घातलंय ते कळू नये. जन्मात कधी कुणाला एक डाव टाकला नाही, पण खासबागेत कुस्ती आहे म्हटलं की अंगात ताप असला तरी निघाले. मग पिल्लाचं नाव काय ठेवतील? पठ्ठ्या! "अगं, छाती बघ त्याची! मांड बघ!" मूठभर जीव तो, त्याला कसली मांड! पण नाही. परड्यात तांबडी माती टाकून घेतली, पहाटे उठून त्याला तेल चोळायचं, गवळी दारात म्हैस आणून पिळतो ते धारोष्ण दूध पाजायचं, वर भिजवलेले बदाम... नंदिनीच्या वेळी मला डोहाळे लागले होते, तेव्हा बदाम घरात दिसला नाही हो मला! असू दे. आणि परड्याचं दार आतून बंद. का? तर तालमीत बायका चालत नाहीत म्हणे! माझं परडं, माझी तुळस, माझी दोरीवरची लुगडी, आणि मीच तेवढी चालत नाही! तरी म्हटलं, खेळू देत, लेकीच्या आठवणीनं झुरण्यापेक्षा बरं.

आणि इकडं ते चावायला लागलं की! बरं, दिवसभर कसं, तर देवमाणूस. मी मेथी निवडायला बसले की माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपणार, झोपेत उसासे टाकणार. पण एकदा का मी चुलीपुढं बसले आणि परातीत पहिली भाकरी थापायला घेतली... धप् धप्... की कुठनं तरी बाण सुटल्यासारखा यायचा आणि थेट टाचेला! मी किंचाळायची, भाकरी राखेत, कुत्रं लुगड्याला लोंबकळतंय! कुणी म्हणालं, काठाला तिखट चटणी लावा, पुन्हा तोंड लावणार नाही. लावली. चाटून पुसून खाल्ली, वर पाणीसुद्धा प्यायलं नाही! कोल्हापुरात वाढणारं कुत्रं ते, त्याला चटणीची काय भीती घालता?

पण तरी माझं एकच, कुत्रं कुठं जाणार नाही!

मग यायच्या त्या आल्याच. आमच्या घरमालकीण, झुंबरबाई. समोरच्याच दारात राहतात. मनानं वाईट नाहीत, पण आवाज असा, की त्यांनी पोराला हाक मारली की पंचगंगेच्या घाटावरचे बगळे उठावेत. उंबऱ्यावर बसल्या, पठ्ठ्या शेजारी शेपटी हलवत उभा. "वयनी, काय पाळलंयसा हे! जरा धाकात ठिवा की..." आणि बोलता बोलता मांडीवर डास बसला, तो त्यांनी मारला. फटकन्. झालं! पठ्ठ्यानं उडी घेतली आणि झुंबरबाईंच्या पायाचा अंगठा! रक्ताचा टिपूस आला... टिपूसच हो, पण ओरडणं ऐकून गल्ली गोळा झाली. "कुत्रं न्हवं ह्ये, लांडगं हाय लांडगं! वयनी, ऐतवारी मी परत येनार. तवा जर का अंगावर आलं, तर ते तरी गारगोटीला, न्हायतर तुमी दोगं तरी!"

ह्यांचा पैलवान लगेच चीतपट. "अगं, आकारामला निरोप धाडू का? नाहीतरी मोकळ्या रानातला जीव तो..." मी तवा खाली ठेवला. म्हटलं, ऐका. ह्या दारातून एक पाठवणी केली मी, रीत होती म्हणून केली, हसत केली. दुसरी करणार नाही. कुत्रं कुठं जाणार नाही!

बोलून तर बसले, पण रात्रभर एकच घोळत राहिलं. मेथी निवडताना का नाही चावत? भाकरीलाच का? आणि झुंबरबाई एवढ्या ओरडत होत्या तेव्हा गप्प होतं, डास मारल्यावरच का? पहाट झाली तशी उठले, आणि तालमीत बायका चालोत न चालोत, परड्याचं दार असं ढकललं की आतली कडीच निखळली!

काय बघितलं, तुम्हाला सांगते... आमचे हे उघडेबंब, धोतराचा काचा मारून, तांबड्या मातीत वाकून उभे. मांडीवर शड्डू ठोकला. फट्! "ये पठ्ठ्या, ये!" की ते सुटलं आणि धोतराला डसलं, हे स्वतःचे स्वतः मातीत आडवे, आणि पडल्या पडल्या काय म्हणतात? "शाब्बास रे माझ्या वाघा!" आणि त्याच्या तोंडात खव्याचा गोळा! पुन्हा उठले, पुन्हा शड्डू, पुन्हा चावा, पुन्हा खवा!

डोक्यात लख्ख झालं की माझ्या! त्याला बिचाऱ्याला काय कळणार भाकरी कुठली आणि डास कुठला? धप् म्हटलं की कुस्ती लागली, चावलं की खवा! मी थापतेय भाकरी आणि त्याला वाटतंय, बाई रोज सकाळ-संध्याकाळ शड्डू ठोकून आव्हान देतेय!

म्हटलं, उठा. माती झाडा. तालीम बंद. "अगं पण, त्याची रग जिरेल!" जिरू दे रग. तुमची रग राहावी म्हणून माझं कुत्रं जाणार नाही!

मग मी शिकवायला घेतलं. एक थाप मारायची आणि थांबायचं. बसून राहिला, की भाकरीचा तुकडा. धावून आला, की हात वर, तोंड भिंतीकडं, बोलणं बंद. अहो, अशी थांबत थांबत भाकरी होते का कुठं? एक जाड, एक करपलेली, एकीला मध्येच भोक. आमचे हे निमूट खात होते. बोलायची सोयच नव्हती त्यांना!

ऐतवार आला. झुंबरबाई आल्या, अंगठ्याला चिंधी. मी म्हटलं, "मारा मांडीवर थाप." त्या म्हणाल्या, "मला काय खूळ लागलंय?" म्हटलं, "मारा तर!" त्यांनी डोळे मिटून मारली. फट्! आणि पठ्ठ्या... त्यांच्यासमोर टेकून बसला. शेपटी जमिनीवर, मान तिरकी, तुकड्याची वाट बघत. झुंबरबाईंनी एक डोळा उघडला. "आगं बया! ह्ये तर बसतंय की शानं बाळ होऊन!" परत थाप मारली. परत तसाच. तिसऱ्यांदा मारली ती निव्वळ कौतुकानं, आणि घरात जाऊन भाकरी आणली, पांढऱ्या रश्श्यात बुडवून, वर एक नळीचं हाड!

जिंकले म्हटलं मी! हो, जिंकलेच की! पण आमच्या घरी वरण नाहीतर पिठलं, तिकडं रस्सा नि हाडं. आणि भाकऱ्या झुंबरबाईही थापतात, आवाज असा की बोळाच्या टोकाला ऐकू जावा. धप् झालं, की हा उठला, निघाला, त्यांच्या चुलीपुढं जाऊन बसला! आता झोपायलाही तिथंच. परवा आणायला गेले, तर झुंबरबाई दारात कमरेवर हात ठेवून आडव्या उभ्या, "कुटं नेताय, वयनी? कुत्रं कुटं जानार न्हाय!"

रोज दिवेलागणीला हे आणि मी समोरच्या पायरीवर जाऊन बसतो. तो येतो, माझ्या पावलावर थोडी हनुवटी टेकतो, आत भांडं वाजलं की उठतो. आणि आम्ही निघालो की झुंबरबाई आतूनच हाळी देतात, "येत जावा की पावणं, अदनंमदनं!"