दुसऱ्यांदा विचारायची चौकट

सोलापूर म्हटलं की लोकांना चादरी आठवतात, पण आमच्या घरात विणणारं कुणी नव्हतं, आमच्यात विड्या होत्या. वडील गिरणीत होते तोवर बरं चाललं होतं, गिरणी बंद पडली आणि ते घरी बसले ते बसलेच, मग कधी हमाली, कधी कुणाच्या गोदामावर राखण, आणि आई मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायची. मी शाळेतून आले की पानं कापायला बसायचे, धाकटी बहीण दोरे गुंडाळायची. कारखान्यात माल द्यायला गेलं की तिथला माणूस मूठभर विड्या उचलून वाईट म्हणून बाजूला टाकायचा, आणि आई मान खाली घालून उरलेल्या मोजून द्यायची. काय सांगू तुम्हाला, घरात तंबाखूचा वास असा मुरलेला होता की वर्गातल्या मुली माझ्याशेजारी बसताना नाक मुरडायच्या. आईला सही येत नव्हती, वडील चौथीपर्यंत शिकलेले. मी दहावी झाले, बारावी झाले, मग कॉम्प्युटर घेऊन बी.एससी. झाले, तोवर घरातल्यांना नेमकं काय शिकतेय हे कळायचं बंद झालं होतं, पण शिक म्हणायचे. सरकारी शिष्यवृत्तीची जाहिरात कॉलेजच्या सरांनी दाखवली, मी अर्ज केला, ती मिळाली, आणि दोन हजार चारच्या सप्टेंबरात मी इंग्लंडला आले. अशी आले.

विद्यापीठाचं नाव लिहू नका, लंडनच्या पश्चिमेला आहे एवढं पुरे. मी राहायला तिथून जवळच स्लाऊ गावात होते, पंजाबी बाईंच्या घरात वरची खोली. कोर्स होता इन्फर्मेशन सिस्टिम्सचा, त्यात मुख्य विषय दोन, सिस्टिम्स अ‍ॅनालिसिस आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट. पहिल्या विषयात एखादं काम आज कसं चालतं ते बघायचं, माणसांना विचारायचं, चौकटी आणि बाण काढून कागदावर मांडायचं आणि मग ते कसं चालायला हवं ते काढायचं. दुसऱ्यात ते काम कुणी, कधी, कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर करायचं ते ठरवायचं. मला हे आवडलं, खरंच आवडलं. घरी सगळं एकमेकांवर अडलेलं असायचं, पानं भिजली नाहीत तर कापता येत नाहीत, कापली नाहीत तर वळता येत नाहीत, त्यामुळे क्रिटिकल पाथ, म्हणजे एकावर एक अडलेल्या कामांची साखळी, हे मला पहिल्या लेक्चरलाच कळलं. पण कळणं आणि बोलणं यात फरक असतो ना. माझं इंग्रजी पुस्तकातलं, तोंडातून यायला वेळ लागायचा, आणि तोवर केतकी बोलून मोकळी झालेली असायची.

केतकी म्हणजे पुण्याची, वर्गात मराठी आम्ही दोघीच. तिचे वडील इंजिनियर, आई कॉलेजात शिकवायची, आजोबासुद्धा शिकलेले. दिसायला छान, ते सोडा, पण तिचं सगळं सहज होतं, हे मला सहन व्हायचं नाही. कॉफी मागायची तर अशी मागायची की देणारा हसायचा. सरांनी काही विचारलं की आधी म्हणायची मला वाटतं, आणि मग जे वाटेल ते बोलायची, चुकलं तरी हसायची. मला आयुष्यात कुणी तुला काय वाटतं असं विचारलं नव्हतं, त्यामुळे मला उत्तर आलं तरच हात वर करायची सवय. मी जळायचे हो. तिच्या कोटावर जळायचे, तिच्या बोलण्यावर जळायचे, तिची आई तिला रोज फोन करायची त्यावर जळायचे. ती वाईट असती तर बरं झालं असतं, पण ती वाईट नव्हती, पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, सुरेखा, चल माझ्याकडे पिठलं करू या, आणि मी गेले, जेवले, आणि घरी येईपर्यंत पोटात दुखत होतं. पिठल्यानं नाही.

दुसऱ्या सेमिस्टरला ग्रुप प्रोजेक्ट आला. हा पास झाल्याशिवाय पुढं प्रबंध करता येणार नव्हता, आणि प्रबंध नाही तर पदवी नाही, शिष्यवृत्ती पुन्हा कुणी देणार नव्हतं. माझं सगळं त्याच्यावर होतं. ग्रुपमध्ये आम्ही दोघी आणि दोन मुलगे, टुंडे नायजेरियाचा आणि जेम्स इथलाच. काम मिळालं ते स्लाऊमधल्या एका संस्थेचं, ती एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचं जेवण घरपोच द्यायची, त्यातही बहुतेक आपल्याकडचे, पंजाबी, गुजराती, थोडे मराठी. तिथल्या मॅनेजर मॉरीन म्हणून होत्या, चांगल्या बाई, त्यांचं म्हणणं असं की रोज जेवण वाया जातंय, डबे परत येतात, माणूस घरात नसतो नाहीतर आधीच जेवलेला असतो, तर तुम्ही ऑर्डर घ्यायची नीट पद्धत बसवून द्या.

प्रोजेक्ट मॅनेजर कोण होणार असं विचारल्यावर तिघंही एकमेकांवर ढकलू लागले, कारण ते डोकेदुखीचं काम, वेळापत्रक करा, लोकांच्या मागं लागा. मी म्हटलं मी होते. केतकीनं लोकांशी बोलायचं घेतलं, ते तिलाच जमणार होतं. आणि सिस्टिमचा आराखडा मी काढला, म्हणजे मीच काढला, चौकट न् चौकट माझी. रोज सकाळी संस्थेतून फोन जाणार, आज जेवण पाठवू का, हो म्हटलं तर स्वयंपाकघराच्या यादीत, नाही म्हटलं तर त्या दिवसापुरतं रद्द. सुटसुटीत. सरांनी तो बघून वर्गापुढं म्हटलं की हा आराखडा नीट आहे, असा काढायचा असतो. वर्षभरात पहिल्यांदा माझं नाव घेतलं कुणी, केतकी शेजारी बसली होती, आणि मी मुद्दाम तिच्याकडं बघितलं. तिनं टाळ्या वाजवल्या. त्याचाही मला राग आला.

मग आम्ही चाचणी घेतली. काही दिवस संस्थेतल्या बायकांनी खरंच त्या पद्धतीनं फोन केले. डबे परत यायचं जवळजवळ थांबलं, मॉरीन खूश, एकदम खूश, म्हणाल्या तुम्ही तर कमाल केलीत. मी रिपोर्ट लिहायला घेतला. प्रेझेंटेशनला दोन आठवडे राहिले होते आणि माझ्या वेळापत्रकात सगळं बसत होतं.

एका संध्याकाळी केतकी माझ्या खोलीवर आली, न सांगता, कोट न काढता कॉटवर बसली. म्हणाली, आज मी डब्यांच्या व्हॅनमधून फिरले, जरा बघावं म्हणून, आणि मालतीआजींकडे गेले. मालतीआजी म्हणजे तिथल्या यादीतल्या मराठी बाई, चाळीस वर्षं स्लाऊमध्ये काढलेल्या, नवरा गेलेला, मुलगा लांब राहायचा. त्यांचा डबा चाचणीचे सगळे दिवस रद्द होता. केतकीनं विचारलं, आजी, तुम्हाला नको होतं का जेवण. तर त्या म्हणाल्या,

“अगं, त्या पोरीनं एकदाच विचारलं. एकदाच विचारल्यावर हो कसं म्हणायचं?”

मी ऐकलं आणि मला ते समजलं, आतपर्यंत समजलं. आमची आई कुणाच्या घरी जाताना दारातच सांगायची, खायला विचारलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, पोट कितीही रिकामं असलं तरी, त्यांनी पुन्हा विचारलं तर बघू. केतकी म्हणाली, माझी आईसुद्धा हेच सांगायची. मी म्हटलं, तुझी रीत म्हणून सांगायची, माझी आई आपल्याला कुणी भुकेलं म्हणू नये म्हणून सांगायची. आणि माझा जळफळाट कसला होता सांगू, की हे मला सुचायला पाहिजे होतं, माझ्या रक्तातलं होतं हे, आणि पुस्तक पाठ करण्याच्या नादात मी नाही म्हणजे नाही असा बाण काढून मोकळी झाले, आणि माझ्याच घरातली गोष्ट पुण्याच्या केतकीला सापडली. शिवाय तिनं ग्रुपमध्ये न सांगता, सरांसमोर न सांगता, आधी मला एकटीला येऊन सांगितलं. एवढं चांगलं वागायची काय गरज होती.

क्षणभर मला असंही वाटलं की ही मला पाडायला आलीय, आराखड्याचं कौतुक झालं ते हिला बघवत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी स्वतः आजींकडे गेले. मी म्हटलं, आजी, चहा करू का. म्हणाल्या, नको गं, राहू दे. मी म्हटलं, थोडासा करते. म्हणाल्या, बरं कर, अर्धा कप. आणि दोन कप प्यायल्या, बशीतली बिस्किटं संपवली. मी उठून बाहेर आले ती सरळ लायब्ररीत, ग्रुप तिथंच बसला होता.

ग्रुपला सांगितलं तर मुलगे लगेच तयार होईनात. जेम्स म्हणाला, क्लायंट खूश आहे, मार्क मिळणार आहेत, आता का हात लावायचा. टुंडेला पटलं, म्हणाला आमच्याकडेही असंच आहे, पण मग त्यानं खरा प्रश्न विचारला, की काही जणांना खरोखर नको असतं, मग कुठलं नको खरं आणि कुठलं खोटं हे फोन करणाऱ्याला कळणार कसं, प्रत्येकाला दोनदा विचारलं तर पुन्हा डबे वाया. केतकी म्हणाली, मला वाटतं आवाजावरून कळेल. मी म्हटलं आवाज चौकटीत घालता येत नाही. आणि मग मला सुचलं, मला, हे नीट लिहून घ्या. ज्याला खरंच नको असतं तो कारण सांगतो. पोट बिघडलंय, मुलगी आलीय, आज उपास आहे, डॉक्टरकडे जायचंय. आणि जो संकोचानं म्हणतो तो नुसतं नको म्हणतो, नाहीतर राहू दे म्हणतो. म्हणून नाही आलं की एक चौकट वाढवायची, कारण सांगितलं का. सांगितलं तर रद्द. नाही सांगितलं तर पुन्हा विचारायचं, आणि तेही पाठवू का असं नाही, थोडंसं पाठवते असं.

केतकी म्हणाली, सुरेखा, कसलं भारी आहे हे. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पण आता वेळापत्रक मोडलं होतं. नवी पद्धत, पुन्हा चाचणी, फोन करणाऱ्या बायकांना शिकवणं, रिपोर्ट, आणि दोन आठवड्यांतले दिवस आधीच संपत चाललेले. मी सगळी कामं कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून जमिनीवर मांडली, कुठलं कशावाचून अडतं ते बघितलं, आणि शिकवणं व चाचणी एकाच वेळी लावलं, बायका शिकता शिकताच खरे फोन करतील. जेम्सनं रंगीत तक्त्यांचा एक स्क्रीन केला होता, सुंदर होता, तो मी काढून टाकला. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. मॉरीनना समजवायला केतकी गेली, मी पण गेले, त्या आधी म्हणाल्या की नको म्हणणाऱ्याला पुन्हा विचारणं उद्धटपणा नाही का, तेव्हा केतकीनं ते असं गोड समजावलं की मी बघतच राहिले. ते मला जमलं नसतं. नव्या चाचणीत आजींचा डबा रोज जाऊ लागला, आणि परत येणारे डबे पूर्वीसारखे वाढले नाहीत.

प्रेझेंटेशन केतकीनं केलं, आमचं ठरलंच होतं तसं. हॉलमध्ये सर, मॉरीन आणि बाहेरचे एक परीक्षक बसले होते. ती बोलली तेव्हा सगळे हसले, पुढं झुकून ऐकू लागले, आणि मी मागं उभी राहून बघत होते की माझ्या चौकटी तिच्या तोंडून किती छान वाटतायत. परीक्षकांनी विचारलं, ही दुसऱ्यांदा विचारायची कल्पना कुणाची. केतकी म्हणाली, आमच्या सगळ्यांची. तिनं चांगल्या मनानं म्हटलं असेल. पण मी पुढं आले.

“आराखडा माझा होता आणि तो चुकला होता. चूक केतकीला सापडली. कारण विचारायचा नियम माझा आहे, आणि दोन आठवड्यांचं काम उरलेल्या दिवसांत बसवलं तेही मी.”

इंग्रजीतच बोलले, व्याकरण कसं होतं देव जाणे. परीक्षक म्हणाले, कसं बसवलंत ते दाखवा, आणि मी दाखवलं, त्यांनी उलटसुलट विचारलं, हे काम उशिरा झालं असतं तर काय, कुणी आजारी पडलं असतं तर काय, मी उत्तरं दिली, आणि त्या दिवशी मला बोलायला कुणाच्या मागं थांबावं लागलं नाही. बाहेर आल्यावर केतकी म्हणाली, अगं, मी सगळ्यांची म्हटलं होतं ना, तुला राग आला का. मी म्हटलं, तुझं तुला, माझं मला, वाटून घ्यायला मला येत नाही. ती हसली आणि मला मिठी मारली. मी मारून घेतली.

आता तुम्ही विचाराल की मग मन निवळलं का. नाही निवळलं. ग्रुपला चांगले मार्क पडले, पण वर्षाच्या शेवटी केतकीला डिस्टिंक्शन आणि मला मेरिट, इथं ते त्याच्या खालचं असतं. ती आता लंडनमध्ये क्रॉयडनला मोठ्या कंपनीत आहे, तिच्या हाताखाली माणसं आहेत, घराला मागं बाग आहे. मी स्लाऊच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गोदामांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. तिचा फोन आला की अजूनही आधी पोटात दुखतं आणि मग मी उचलते. काही गोष्टी जात नाहीत, नाही गेल्या तर नाही गेल्या. तिचं भलं होवो, माझंही होवो, दोन्ही एकदम झालं तर देवाचं काय जातं.

पदवीदानाला आईवडील येऊ शकले नाहीत, व्हिसा मिळाला नाही. मी गाऊन घातला, नाव पुकारलं, आडनाव पुकारणाऱ्याला नीट म्हणता आलं नाही, तरी मी गेले आणि पदवी घेऊन आले. मी एम.एससी. झाले. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, आणि एम.एससी. झालेली अजून तरी एकटी.