पानातली डाळ

(बंगालमधल्या काटोयातल्या एका नर्सिंग होममधली आहार-सल्ल्याची खोली. निभाननीदेवींना वजन करायला पलीकडे नेलं आहे. त्यांची सून चंद्रिमा आहारतज्ज्ञ सुदेष्णासमोर बसली आहे.)

सुदेष्णा : ...म्हणजे रक्तातली प्रथिनं वाढली, पायांची सूज उतरली. बघा, सांगितलं तसं वागलं की होतं. आता हाच आहार पुढे चालू ठेवायचा.

चंद्रिमा : हाच?

सुदेष्णा : का? दोन्ही वेळेला मसूर डाळ देता ना?

चंद्रिमा : देते. म्हणजे... मांना माहीत नाही, दिदी.

सुदेष्णा : सासूबाईंना? काय माहीत नाही?

चंद्रिमा : मसूर आहे ते. मी मुगाची म्हणून वाढते.

सुदेष्णा : डाळीत कसली आलीय चोरी? अंडं थोडंच घातलंत?

चंद्रिमा : सासरे गेल्यापासून त्यांचं विधवेचं पान आहे. मासे नाहीत, कांदा-लसूण नाही, मसूरही नाही. आमच्याकडे मसूर मासळीच्याच पंगतीत धरतात.

सुदेष्णा : अजूनही? कोलकात्यात माझी आजी तर... असो. मी विचारलं होतं, मासे-मटण खातात का. तुम्ही नाही म्हणालात. मी डाळ लिहून मोकळी झाले.

चंद्रिमा : तेवढंच विचारलंत तुम्ही.

सुदेष्णा : अगं, मग मूग द्यायचा! मुगातही जवळजवळ तेवढंच असतं. एका शब्दाने बोलायचं होतंस.

चंद्रिमा : बोलायला गेले होते. तुम्ही म्हणालात, ‘घरची अक्कल घरी ठेवा. लिहिलंय तेच द्या, नाहीतर दुसरीकडे दाखवा.’

सुदेष्णा : मी असं म्हणाले?

चंद्रिमा : बाहेर खूप गर्दी होती. तुमचं जेवणही राहिलं होतं.

सुदेष्णा : माझी बाजू नको घेऊस गं.

चंद्रिमा : पाय असे सुजले होते, बोट दाबलं की खळगा पडायचा. मला वाटलं, मुगाने जातील आणि मसुराने वाचतील. शिजली की पिवळीच दिसते. वरून तूप-जिरं घातलं.

सुदेष्णा : आणि जेवल्या?

चंद्रिमा : निमूट. वर म्हणाल्या, ‘आज डाळ छान झालीय हो, बौमा.’ मी न्हाणीघरात जाऊन रडले. आता सांगू की नको, तेवढं तुम्ही सांगा. लपवलं तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही, सांगितलं तर त्यांच्या उतरायचा नाही.

सुदेष्णा : चूक माझी आहे. मीच सांगते.

चंद्रिमा : नको, दिदी! निदान माझ्यादेखत नको. त्या आल्याच बघा.

निभाननी : काय नको? वजन वाढलं म्हणून ती नर्स अशी खूश, जणू तिनेच भरवलंय मला.

सुदेष्णा : बसा, माशीमा. माझ्याकडून एक चूक झालीय. तुमच्या पानातली डाळ...

निभाननी : मसूर ना?

चंद्रिमा : मा!

निभाननी : किंचाळतेस काय? मूग आधी कोरडा भाजावा लागतो, वास पार शेजारच्या दत्तांच्या ओसरीपर्यंत जातो. त्या दिवशी घरात वासाचा पत्ता नाही आणि पानात डाळ हजर. जन्म चुलीपुढे गेला माझा.

सुदेष्णा : मग खाल्लीत कशाला?

निभाननी : ही दारात पळी घेऊन उभी. तोंड असं, की हिलाच फाशी द्यायला निघालेत. पान सरकवलं असतं तर पोरगी उपाशी राहिली असती. आणि खरं सांगू? सूज आली तेव्हा मीही घाबरले होते. जगायला कुणाला नको असतं?

सुदेष्णा : मी आहार बदलून देते. मूग, चणे, छेना. मसूर आजपासून बंद. मला माफ करा, माशीमा. मी विचारायला हवं होतं.

निभाननी : पुढच्या म्हातारीला विचार, म्हणजे झालं. आणि जेवत जा वेळेवर. भुकेली माणसं खेकसतात.

चंद्रिमा : मा, एक विचारू?

निभाननी : घरी विचार. बस निघून जाईल.

चंद्रिमा : नाही, इथेच. तेव्हापासून तुम्ही देवघरातल्या गोपाळाला हात लावत नाही. स्नान मी घालते, नैवेद्य मी दाखवते. तुम्ही फुलं परडीत घालून उंबऱ्याबाहेर बसता. मी विचारलं तर म्हणालात, गुडघे दुखतात, खाली बसवत नाही.

निभाननी : मग?

चंद्रिमा : ते डाळीमुळे होतं ना?

निभाननी : गुडघेही दुखतात, बौमा.