नमुना फ्लॅटमधला पलंग

नाव व पत्ता वर नोंदवल्याप्रमाणे. वय एकोणपन्नास वर्षे. शिक्षण गावच्या शाळेत दहावीपर्यंत. व्यवसाय नोकरी, फ्लॅटविक्री, एकाच बिल्डरकडे अकरा वर्षे.

समक्ष हजर राहून जबाब देतो की, आज मंगळवारी सकाळी सहा वाजता मी देवाला नमस्कार केला, टेम्पोवाल्याला बोलावले आणि त्याच्या मदतीने माझ्या घरातला पलंग खाली उतरवला. बायकोने विचारले, "आता निजायचं कुठं?" मी म्हणालो, "खाली." तिने चादर काढून घेतली आणि आम्हाला वाट दिली.

हा पलंग सहा फूट तीन इंच लांब आहे. तो मी सात वाजता साइटवरच्या नमुना फ्लॅटमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी सजवून ठेवलेल्या फ्लॅटमध्ये नेला. तिथला पलंग स्क्रू काढून सोडवला आणि बाहेर भिंतीला लावून ठेवला. त्या वेळी त्याचा एक पाय मोडला. हे सर्व मी केले. माझ्या ज्या सहकाऱ्याला या प्रकरणात आणून बसवले आहे, त्याने पलंगाला हातही लावलेला नाही.

या सहकाऱ्याला ऑफिसात सगळे वकील म्हणतात. तो कायदा शिकलेला नाही, बोलतो तसा. वय बत्तीस. भाड्याच्या एका खोलीत राहतो. आपण फ्लॅट विकतो हे त्याने घरमालकाला सांगितलेले नाही, नाहीतर तो भाडे वाढवील. मला सगळे गुरुजी म्हणतात, कारण काम सुरू करण्याआधी मी हात जोडतो.

विक्रीला आम्ही तिघे. कोणी किती फ्लॅट विकले ते ऑफिसातल्या फळ्यावर लिहिले जाते. या महिन्यात ज्याचा आकडा सर्वांत कमी, त्याने पुढच्या महिन्यापासून येऊ नये, असे मॅनेजरसाहेबांनी एक तारखेलाच सांगितले होते. तिसऱ्या सहकारी ताई, त्यांचे नऊ झाले होते. वकिलाचे चार, माझे चार. शनिवारी वकील मला म्हणाला, "गुरुजी, तुमची वरपर्यंत ओळख. माझ्यासाठीही दोन शब्द टाका की." मी म्हणालो, "रांगेत मी तुझ्या पुढे आहे." ताई हसल्या. वकीलही हसला.

रविवारी एक बसड्रायव्हर बायकोला आणि आईला घेऊन आला व वकिलाची चौकशी करू लागला. वकील टेबलावर नव्हता. मी त्यांना नमुना फ्लॅट दाखवला. ड्रायव्हर सहा फूट उंच आहे. आतल्या खोलीत उभा राहून तो म्हणाला, "साहेब, गाडी वळवायच्या आधी मी जागा डोळ्यांनी मोजतो. ही खोली मोठी दिसते, पण मोठी वाटत नाही. असं कसं?" मी म्हणालो, "उजेड चांगला आहे." अर्ज भरून झाला. माझे पाच झाले.

खोली मोठी दिसण्याचे कारण असे की, तिथला पलंग पाच फूट दोन इंचांचा आहे. कपाट एक वीत उथळ आहे. खुर्च्या बुटक्या आहेत. ही मापे आठ वर्षांपूर्वी सुताराला मीच दिली. सुताराने विचारले होते, "पोरांसाठी का?" मी हो म्हणालो. त्या वर्षी माझा सत्कार झाला.

सोमवारी संध्याकाळी साहेबांनी वकिलाला एक तारखेपासून येऊ नकोस म्हणून सांगितले. तेव्हा तो सर्वांसमोर म्हणाला, "त्या बाहुलीच्या घराला मी एक दिवस करवत लावतो." त्यावरून आज सकाळी साहेबांनी त्याच्यावर संशय घेतला. संशयाला जागा होती. पण ते नुसते बोलणे होते.

पलंग मांडून मी थेट बसडेपोत गेलो. ड्रायव्हरची पाळी संपल्यावर त्याला, त्याच्या बायकोला व आईला घेऊन साडेदहाला साइटवर आलो. साहेब तेव्हा इथे पोलीस चौकीत तक्रार द्यायला आले होते. मी ड्रायव्हरला माझ्या पलंगावर आडवे व्हायला सांगितले. त्याचे पाय मावले. उठून त्याने कपाट उघडले. दार चार बोटे उघडून पलंगाला अडले. तो म्हणाला, "साहेब, यातून एका वेळी एकच बाही निघेल." त्याच्या आईने विचारले, "आणि मी कुठं?" मी त्यांना पलंगाचे, कपाटाचे सगळे सांगितले. बायकोने अर्ज परत मागितला. मी दिला. फळ्यावरचा पाच पुसून चार केला.

सव्वाअकराला ताई आत आल्या व म्हणाल्या, "वकिलाला पोलीस घेऊन गेलेत. पलंगावरून. तुम्ही काही बोलू नका गुरुजी. आता तुमची जागा पक्की." साडेबारापर्यंत मी काय केले असे विचारल्यावरून सांगतो की, माझ्या पलंगावर बसून होतो.

त्यानंतर पायी इथे आलो. वकील बाहेरच्या बाकावर होता. म्हणाला, "गुरुजी, जामीन व्हायला आलात?" मी म्हणालो, "सरक जरा." तो सरकला. मी त्याला सांगितले, "रविवारी तू मागच्या जिन्यात फोनवर बोलत होतास. ड्रायव्हरने तुझं नाव घेतलं तेव्हा तुझा आवाज मला ऐकू येत होता. मी त्याला सांगितलं, तू नोकरी सोडलीस."

वकील मग म्हणाला, "हेही लिहायला लावा."

याला कोणतेही कलम लागत नाही असे हवालदारसाहेबांचे म्हणणे आहे. माझ्या आग्रहावरून लिहून घेतले आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी, ड्रायव्हरला मी तसे 'चुकून सांगितले' असे लिहिले गेले होते. त्यातला 'चुकून' हा शब्द माझ्यासमोर खोडला आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे आणि खरे आहे. सही केली.