कोरी जागा

तिखटमीठ लावण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, पण हे ऐकलं तसंच सांगतो. शिक्षणकर्जाच्या सरकारी खिडकीशी माझ्यापुढे एक शिवणकाम करणारी बाई आणि तिची लेक होत्या.

"आई, कर गं सही! आज शेवटचा दिवस आहे, प्रवेश जाईल माझा."

"साहेब, हप्ते कधीपासून, ती जागा कोरी आहे."

"ते आम्ही मागाहून भरतो, बाई. सगळे अशीच सही करतात."

"माप लिहिल्याशिवाय मी साधं झबलंसुद्धा बेतत नाही. ही तर पोरीची फेडीची पंधरा वर्षं आहेत."

"आई, मागे रांग बघ!"

"बघू दे रांगेला. साहेब, नियम काय म्हणतो?"

"शिक्षण संपल्यावर एक वर्षाने."

"मग तेच लिहा. पेन्सिलीने नको, शाईने."

"हं, लिहिलं. करा आता."

"आधी लेक करेल, कर्ज तिचं आहे. मी जामीन."

"आई, किती सावकाश करतेस सही!"

"पेन फार हलकं आहे गं. माझ्या हाताला कात्रीची सवय."

"चला, पुढचे! आजोबा, नातीचा अर्ज ना? तुमची सही तर घरूनच करून आणलीय."

"हो. तो कागद जरा परत द्या."