आप्पांची माती, पाच वाजता

हॅलो?

हॅलो… कोण? … बन्सी? बन्सी व्हय रे तू?

थांब, थांब जरा. इथं काही ऐकू येत नाय. … अगं बायांनो, दोन मिनटं दम धरा, रडणं काय पळून जात नाय. भावाचा फोन हाय. … व्हय, त्याचाच, परदेशातनं. आन् आप्पांच्या उशाचा दिवा बघा, वारं सुटलंय.

हां, बोल. गोठ्याच्या मागं आले आता. … तुझी आक्काच बोलतेय, दुसरं कोण बोलणार? … इथंच जरा रेंज येती. हललं की गेली.

सवड झाली म्हणायची तुला. … सकाळधरनं मी कितीदा फोन लावला! साधा लावला की ती बाई इंग्रजीत काय तरी म्हणती. व्हॉट्सॲपवर लावला की निस्ता वाजतो. … बसमधी नेट नव्हतं. बरं. आता कुठून आलं मंग? … त्या बेटावर दारू गाळतात तिथलं वायफाय. ग्वाड हाय तुझं.

काय? … आप्पा? … आरं सकाळी सहालाच गेले ना. … व्हय, मळ्यातच. मोसंबीच्या बुडाशी. चहाबी घेतला नाय. … काय म्हणालास? "म्हातारा अजून कडक हाय"? … हॅलो? तुझं अर्धंच ऐकू येतंय मला.

आता? आता अंगणात हायत. आंघोळ झाली, नवं धोतर नेसवलं. सगळं करमाड जमलंय, वैजापूरचे पाव्हणे बी आले दोन गाड्या करून. … तू हसतोस?

हसतोस तू, बन्सी? गाव जमलं त्यात हसण्यासारखं काय हाय?

हे बघ, मी आज तुझ्याशी भांडणार नव्हते. ठरवलं होतं, फोन आला तर निस्तं ऐकायचं. पण तुझं ते उत्तर. … कोणतं काय? पुंजारामला पाठवलंस ते. त्यानं भर अंगणात मोठ्यानं वाचलं. "शेवटी झालं म्हणायचं! लई वाट बघायला लावली म्हाताऱ्यानं. आक्काला म्हणावं पेढे वाट." … व्हय, आणि वर अंगठा. काकांनी माझ्याकडं बघितलं. मला तोंड कुठं लपवावं कळंना.

भांडण होतं, मान्य. तुला दारूची द्राक्षं लावायची होती, ते मोसंबी काढू देईनात. तू घरचा ग्रुप सोडलास, संभाजीनगरात वेगळं बिऱ्हाड केलंस, दोन महिने बापाशी बोलला नायस. ते हट्टी, तू त्यांच्यावर. पण पेढे, बन्सी? बापाच्या…

काय? … बोल, बोल. … खड्डा? खड्डा कशाला? … फूटभर? … आरं आपल्यात जाळतात ना! खड्डा कोण खांदंल? … इंग्रजी व्ही सारखा, तिरपा. … बन्सी, प्यायलास काय तू? खरं सांग. तिथं किती वाजलं? … दीड! दुपारी दीडला!

चाखणं म्हंजे पिणंच झालं. … घोट घ्यायचा आन् थुंकायचा? थुंकायचाच तर घ्यायचा कशाला? तुझ्या बरोबर दौऱ्यावर आलेले ते सत्तावीस शेतकरी बी थुंकू राहिले का सगळे? … भागू कुठं हाय? तुझ्या बायकोला दे फोन. दे म्हणते ना.

गाईडच्या मागं वेली बघायला गेली. … मला नको सांगू वेली. … बरं, सांग. … टोपल्यावाणी. मांडव नाय, तार नाय. वाऱ्यानं मोडू नये म्हणून भुईवरच गोल गोल वळून ठेवायच्या आन् मधी घड. बरं. … पाऊस नाय, पाणी बी नाय. निस्त्या दहिवरावर. … माती काळी, हलकी, सगळी राखच. … ज्वालामुखीची राख. आन् तिच्यात द्राक्षं येतात तर आपल्या मुरमाड रानात का नाय येणार. … आरं देवा. आज मला राखेचं सांगतोस? आजच्या दिवशी कुणी राखेचं नाव काढतं का?

ऐक ना… बन्सी… आरं ऐकतोस का माझं… काय? सावलीत वाळवायची? … अर्धा किलो. कापडी पिशवीत. … वर आप्पांचं नाव आन् गट नंबर लिहायचा. … गट नंबर कशाला? … उन्हात नाय, सावलीतच. व्हय, कळलं. पण काय? काय वाळवायचं सावलीत?

… माती.

थांब. … थांब जरा. कशाची माती म्हणालास तू?

आप्पांच्या वावरातली. … तपासायला पाठवायची.

अगं आई.

नाय, काही नाय. कुणी नाय आलं. बोल तू. … एक सांग मला. तू जाताना पुंजारामला काय सांगून गेला होतास? जसंच्या तसं सांग. … "आप्पा माती द्यायला तयार झाले की मला कळव." … हां. आन् आज त्याचा मेसेज आला. काय हाय त्यात? वाच. … "आप्पांची माती आज पाच वाजता, मळा." … म्होरं? … म्होरं काहीच नाय? वर नाय, खाली नाय? … एवढंच लिहिलं मेल्यानं.

एकच मेसेज सगळ्यांना धाडला आसल. बाकीच्यांना फोननं आधीच कळलं होतं ना. … काय कळलं ते सांगते. थांब. मला जरा टेकू दे.

तुला वाटलं, आप्पा तयार झाले. … म्हणून पेढे. … वाचलंस तव्हा रडलास? हॉटेलात? भागूसमोर? … बापानं शेवटी ऐकलं म्हणून.

माझ्या बन्सी.

नाय… त्यांना फोन नाय देता येत. … आता बी नाय आन् मंग बी नाय. ऐक, तो हातातला ग्लास खाली ठेव. … ठेव ना रे. … ठेवलास? बसायला काय हाय तिथं? कट्टा, दगड, काय बी. बस. … गाईडला बोलू दे, त्याला रोजचंच हाय ते. … बसलास?

आपण कुणाच्या मातीला जातो ना, बन्सी. गावात कुणी गेलं की म्हणतो, माती कव्हा हाय. … ती माती रे.

…

हॅलो?

बन्सी?

… व्हय. आप्पांची.

सकाळी आळ्यात पाणी बघायला गेले आन् मोसंबीखाली बसले. ते बसलेलेच राहिले. मुबारकभाई दूध न्यायला आले होते, त्यांनी पाहिलं. … नाय, तरास नाय झाला. डाक्टर म्हणाला, मिनटाचं काम. … खरंच. तोंडावर काहीच नाय, डुलकी लागल्यावाणी.

रड. रड तू. मी इथंच हाय. … कोण विचारतंय? बाकीचे? जाऊ दे त्यांना, तू नको उठू.

… बन्सी, मला एक सांगायचंय. आधी ऐकून घे, मंग बोल काय बोलायचं ते. … मुबारकभाईनं सकाळीच शहरातनं ती बर्फाची पेटी आणली होती. मीच आणायला लावली. मी म्हणाले, बन्सी येईपर्यंत आप्पांना तिच्यात ठेवू. काका नको म्हणत होते, पुंजाराम नको म्हणत होता, मी सगळ्यांशी भांडले. दोन दिवस लागू दे, तीन लागू दे, पोराला बाप बघू दे. … आन् मंग तुझं ते उत्तर आलं.

मीच म्हणाले, न्या ती पेटी परत. ज्याला पेढे खायचेत त्याच्यासाठी बापाला कशाला ताटकळत ठेवायचं. … मीच. दुसरं कुणी नाय बोललं. … दुपारीच गेली. अजिंठ्याकडं कुणाकडं तरी लागत होती, तिकडंच नेली त्यांनी.

मी विचारायला पायजे होतं. तुझ्या तोंडून ऐकायला पायजे होतं. आई गेल्यावर कडेवर घेऊन तुला मोठा केला मी, आन् एका ओळीवर विश्वास ठेवला. … तू माफ करशील रे. मला नाय करता येणार.

… विमान कव्हा मिळतं? भागूला विचार. आली का ती? … परवा सांजच्याला? त्याच्या आधी काहीच नाय? … आधी बोट, मंग विमान, मंग मुंबई. … नाय रे राजा. वैशाख हाय. इथं बेचाळीसच्या वर गेलंय. सकाळपासनंच… नाय राहणार. सांगू नये ते सांगायला लावू नको.

काय? … तुझ्याबद्दल?

… नाय. नाय बोलले काही. … मी व्हय म्हणाले असते तर तुला बरं वाटलं असतं, ठाऊक हाय मला. पण चुकीच्या समजुतीनं आज लई घात केलाय, त्यात माझी भर नको. … मातीचं बी नाय. पुंजारामनं परवा विषय काढला होता म्हणं, तर म्हणाले, माझी माती काय आजारी हाय का तिला दवाखान्यात न्यायला. … हां. तसंच म्हणाले, त्यांच्या त्या आवाजात.

हस. हस तू. रडत हसलास तरी चालतं.

आगीचं मडकं? … पुंजाराम धरतोय. … आता तू नाय म्हटल्यावर चुलतभावानंच धरायचं ना. ठरलंय तसं. … नको? … ज्यानं वाचून दाखवलं त्यानं नको. बरं. मंग कोण? काका थकलेत. दुसरं पोरगं कोण हाय आपल्या घरात?

… मी?

मी कशी धरू? आपल्यात बाया बांधाच्या म्होरं जात नायत. … तुझ्या जागी. … तू म्हणतोस रे तिथं बसून. इथं शंभर माणसांत मला उभं राहायचंय. … माझा बी बाप हाय, माहीत हाय. … माहीत हाय म्हणाले ना.

फोन चालू ठेव. अंगणात जाते. आवाज गेला तरी तोडू नको.

… थांबा! उचलू नका. … पुंजाराम, थांबव म्हणते ना! … काका, त्याला ठाऊकच नव्हतं. … आप्पा गेले हेच ठाऊक नव्हतं त्याला! … कसं म्हंजे? पुंजाराम, तुझा फोन काढ. तू काय धाडलंस ते वाच. मघाशी त्याचं वाचलंस तसंच, मोठ्यानं. … वाच. … "माती." व्हय. पोराला वाटलं वावरातली माती, तपासायला निघाली. बापानं आपलं ऐकलं, त्याचे पेढे होते ते. … आता खाली कशाला बघतोस? तुझी बी चूक नाय धड. पण मडकं तू नाय धरायचं.

बन्सी, हाय ना तू? … बघायचंय? … मुबारकभाई, हे चित्र कसं लावतात? तुमच्या हातात घ्या. … जवळ न्या. आणखी जवळ. … दिसले का रे? … आप्पाच हायत. कपाळाला बुक्का लावलाय. … बोल की काय बोलायचं ते. कुणी ऐकत नाय.

… अडकलं? … तोंड दिसतंय पण हलत नाय? … इथं बी हलत नाय, बन्सी.

काय म्हणता, काका? … बाईमाणसानं नाय धरायचं. मंग ज्यानं धरायचं तो बेटावर हाय, त्याला म्हणा चालत ये. … मी म्हणत नाय, तो म्हणतोय. थांबा, मोठ्यानं लावते. बोल बन्सी, सगळ्यांना ऐकू दे.

…

ऐकलं? … पोराच्या तोंडून ऐकलं ना सगळ्यांनी? … मंग सरका, वाट द्या मला.

बन्सी… म्होरं मळ्यात रेंज नाय. मुबारकभाई फोन धरीन म्हणतात, पण बांधापलीकडं तुला काही दिसायचं नाय, ऐकू यायचं नाय. … चालंल म्हणतोस? … बरं. तू तिथं डोक्यावरनं आंघोळ कर. भागूला जवळ बसव. आन् रडू नको असं मी म्हणत नाय.

पुंजाराम, आण ते मडकं इकडं.

… ठेवते रे आता. दोन्ही हातांनी धरावं लागतं.